सुचलेलं टिपायचं कसं, पुन्हा हुडकायचं कसं: गूगल कीपची एक साधी मांडणी

रील, यूट्यूबचे व्हिडिओ, वर्तमानपत्रातलं सदर, पॉडकास्ट, असं काहीही नेमाने करणाऱ्यांना विषय सुचत नाहीत असं सहसा नसतं. सुचतात, पण लोकलच्या दारात उभं असताना, भाजी निवडताना, कुणाच्या लग्नाच्या पंगतीत. करायला बसलं की त्यातले बरेच आठवत नाहीत. जे आठवतात त्यांचं नुसतं नाव आठवतं, त्यात आपल्याला नेमकं काय भावलं होतं ते निसटून गेलेलं असतं. हे दुसरं नुकसान जास्त मोठं, आणि पुढची सगळी मांडणी मुख्यतः ते टाळण्यासाठी आहे.

बऱ्याच जणांनी यावर घरगुती तोडगा काढलेला असतो. स्वतःलाच व्हॉट्सॲप करायचं, किंवा एकट्याचाच ग्रुप काढून त्यात टाकत राहायचं. टिपायला ही सोय छानच आहे. पण तिथे सगळं तारखेच्या ओळीत पडून राहतं: वीजबिलाचा फोटो, कुणाचा पत्ता, एक लिंक, मध्येच एखादा चांगला विषय. दोन नोंदी एकत्र आणता येत नाहीत, काम झालेली नोंद बाजूला सारता येत नाही. तेवढ्यासाठी नोंदींचं एखादं साधं ॲप लागतं. इथे गूगल कीप धरलं आहे. ते २०१३ साली आलं, फुकट आहे, अँड्रॉइडवर, आयफोनवर आणि संगणकाच्या ब्राउझरमध्ये चालतं, आणि बहुतेकांचं गूगल खातं असतंच. ॲपल नोट्स किंवा सॅमसंग नोट्स वापरत असाल तर तिथेही यातलं बरंचसं जमेल.

नोशन, ऑब्सिडियन ही ॲपं ताकदवान आहेत, पण सुरुवात त्यांच्यापासून करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्यांत पहिले काही आठवडे मांडणी सजवण्यातच जातात आणि काम केल्याचं समाधान मात्र पुरेपूर मिळतं. कीपमध्ये फोल्डरच नाहीत. अनेकांना ही उणीव वाटते, मला फायदा वाटतो. नोंद करताना ‘ही कुठल्या कप्प्यात टाकू’ हा प्रश्नच येत नाही.

उदाहरणाला एकच काम शेवटपर्यंत धरू. समजा तुम्ही ठाणे-पालघर भागातल्या रानभाज्यांवर रील, मोठे व्हिडिओ आणि अधूनमधून लेख करता. हा विषय मुद्दाम निवडला, कारण तो हंगामी आहे, त्यातली माहिती माणसांकडून तोंडी मिळते आणि चुकीची माहिती दिली तर एखाद्याच्या पोटात दुखू शकतं. नोंदींची पद्धत किती पक्की आहे ते अशा विषयात लगेच कळतं.

आधी फोन तयार करा

कसोटी एकच ठेवा: खिशातून फोन काढल्यापासून पहिलं अक्षर उमटेपर्यंत एका टिचकीपेक्षा जास्त काही लागता कामा नये. त्यासाठी कीपचं विजेट, म्हणजे ॲप न उघडता वापरता येणारी छोटी चौकट, होम स्क्रीनच्या पहिल्याच पानावर, अंगठा सहज पोचेल अशा जागी ठेवा. त्यावरून कोरी नोंद, यादी, आवाज, फोटो थेट सुरू करता येतात.

मग कीबोर्ड. जीबोर्डमध्ये, म्हणजे गूगलच्या कीबोर्डमध्ये, मराठी जोडून घ्या आणि माइकच्या खुणेला दाबून मराठीत बोलून पाहा. घाईच्या वेळी बोलून टिपणं हाच सगळ्यात जवळचा रस्ता आहे. कीपमध्ये स्वतःची आवाजी नोंदही आहे. तिच्यात आवाज आणि त्याचा मजकूर दोन्ही जपले जातात, पण बोलता बोलता मध्ये थांबलात की ती थांबते. विचार करत बोलणाऱ्याला ते जाचक होतं. त्यामुळे साध्या नोंदीत जीबोर्डचा माइक वापरावा, आणि एखाद्या मावशींचा उच्चार किंवा लकब जशीच्या तशी हवी असेल तर फोनच्या रेकॉर्डरवर त्यांना विचारून रेकॉर्ड करावं.

संगणकावर क्रोम असेल तर कीपचं एक्स्टेन्शन बसवा. वाचत असलेलं पान एका क्लिकमध्ये नोंदीला जोडलं जातं. कीपच्या पानावर असताना ‘सी’ची कळ दाबली की नवी नोंद, ‘एल’ दाबली की नवी यादी, आणि तिरक्या रेषेची कळ दाबली की शोध उघडतो. एवढ्या तीन कळा पुरतात.

नेटवर्कची काळजी नको. जव्हार-मोखाड्याच्या वाटेवर रेंज गेली तरी फोनवरच्या ॲपमध्ये नोंद लिहिता येते, रेंज आली की ती आपोआप इतरत्र पोचते. बोलून लिहिण्यासाठी मात्र नेट लागू शकतं, तेव्हा अशा ठिकाणी बोटांनीच लिहा.

नोंद कशी लिहायची

हा या सगळ्याचा गाभा. बहुतेकांच्या कीपमध्ये अशा नोंदी दिसतात:

‘शेवळं – रील’

‘टाकळा जुना झाला की??’

‘स्टेशनबाहेरच्या मावशी, मस्त’

लिहिताना सगळं लख्ख आठवत असतं, म्हणून एवढं पुरेसं वाटतं. दोन महिन्यांनी त्या ‘मस्त’मध्ये काय मस्त होतं ते देवच जाणे. म्हणून नोंदीत तीन गोष्टी याव्यात: एक ठोस तपशील, तो कुठून मिळाला, आणि आपल्याला तो का टिपावासा वाटला. वाक्यं पूर्ण नसली तरी चालतील. पहिली नोंद मग अशी होईल:

‘शेवळं. पहिल्या पावसाबरोबर येतात, थोडेच दिवस मिळतात. घशाला खाज येते म्हणून काकडाची फळं घालून शिजवतात. स्टेशनबाहेर वाटे लावून बसलेल्या मावशी शेवळांच्या वाट्याबरोबर काकडंही देतात. गिऱ्हाइकाने मागायच्या आधीच. का टिपलं: कृती कुणीही दाखवेल, पण विकणारीच खाजेवरचा उपाय सोबत देते, ही सुरुवात चांगली आहे.’

शेवटचं ‘का टिपलं’ बघा. पुढे व्हिडिओचं पहिलं वाक्य तिथूनच निघतं. रानभाज्यांची नुसती माहिती कितीही ठिकाणी मिळते, पण तुमच्या नजरेला काय खटकलं किंवा आवडलं ते इतरत्र कुठे मिळणार नाही. घाई असेल, एकच ओळ लिहिण्याइतका वेळ असेल, तर बाकीचं सोडा आणि ‘का टिपलं’ तेवढं लिहा. शेवळं कशी शिजवतात ते नंतरही विचारता येतं.

फोटो काढून ठेवणाऱ्यांसाठी एक सूचना. नुसता फोटो म्हणजे नोंद नव्हे. कीपमध्ये फोटो टाकलात की त्याखाली दोन शब्द लिहाच, नाहीतर शोधताना तो हाती लागणार नाही. छापील कागदावरचा मराठी मजकूर हवा असेल तर गूगल लेन्सने तो उचलून नोंदीत चिकटवता येतो. काने-मात्रे एकदा नजरेखालून घाला. माणसांचा फोटो असेल तर विचारून काढला की नाही हेही तिथेच लिहा. पुढे तो वापरायचा की नाही हे ठरवताना नेमकं तेच आठवत नाही.

मराठीत शोधताना येणारी अडचण

इंग्रजीतल्या मार्गदर्शकांत हा भाग नसतो, कारण त्यांना याची गरज पडत नाही. कीपचा शोध अक्षरं जुळवतो. मराठीत शब्दाला विभक्ती लागली की तो आतून बदलतो. नोंदीत ‘टाकळ्याची भाजी’ असेल आणि तुम्ही ‘टाकळा’ शोधलंत तर ती नोंद येईल याची खात्री नाही. ‘पावसात’ लिहिलेली नोंद ‘पाऊस’ शोधून कशी सापडणार? फोडशीचं मात्र ‘फोडशीची’ होतं, मूळ शब्द तसाच राहतो, म्हणून ती सापडते. आणि मग आपल्याला वाटतं की शोध कधी चालतो, कधी चालत नाही.

उपाय सोपा आहे. नोंदीच्या शीर्षकात मूळ रूपातली नामं लिहायची, वाक्य लिहायचं नाही. ‘टाकळ्याची कोवळी पानं कशी ओळखावीत’ असं नको, ‘टाकळा, कोवळी पानं, ओळख’ असं हवं. वाचायला रुक्ष वाटतं, पण हे शीर्षक तुमच्यासाठी आहे, प्रेक्षकांसाठी नाही.

दुसरी अडचण नावांची. कर्टोली, करटुली, कंटोली आणि विदर्भात काटवल, ही एकाच भाजीची नावं. आज एका नावाने टिपलं आणि पुढच्या वर्षी दुसऱ्याने शोधलं तर पंचाईत. म्हणून अशा नोंदीच्या तळाला एक ओळ ठेवा: ‘नावं: कर्टोली, कंटोली, करटुली, काटवल’. या ओळीचा पुढे व्हिडिओच्या वर्णनातही उपयोग होतो, कारण लोकही आपापल्या भागातल्या नावानेच शोधतात.

तिसरी गोष्ट, लिपी. घाईत रोमन अक्षरांत लिहायची बऱ्याच जणांना सवय असते. लिहा, हरकत नाही, पण शीर्षक देवनागरीतच ठेवा. निम्म्या नोंदी एका लिपीत आणि निम्म्या दुसरीत असल्या की प्रत्येक शोध दोनदा करावा लागतो, आणि दुसऱ्यांदा कुणी करत नाही.

लेबलं विषयांची नकोत

कीप हातात आलं की पहिला मोह होतो तो विषयवार लेबलं करण्याचा: पालेभाज्या, फळभाज्या, कंद, पाककृती, माणसं, बाजार. महिन्याभरात पंचवीस लेबलं होतात, त्यातल्या काहींत एकेकच नोंद असते, आणि भारंगी ‘पालेभाज्या’त टाकायची की ‘कडू भाज्या’त यावर आपण विचार करत बसतो. विषय शोधायला शोधाची चौकट आहे. शीर्षकं नीट असली की ‘भारंगी’ टाइप केलं की भारंगी येते. लेबलांचं काम वेगळं आहे: ही नोंद आता कुठल्या टप्प्यावर आहे, हे त्यांनी सांगायचं.

कीप लेबलं वर्णक्रमाने लावतं, म्हणून नावाआधी आकडा घातला की ती आपल्या क्रमाने राहतात:

१ तपासायचं
२ जमतंय
३ हातात
४ हंगामाची वाट

नव्या नोंदीला लेबल लावायचंच नाही. लेबल नसलेली नोंद म्हणजे अजून न पाहिलेली, इतका साधा अर्थ. ‘तपासायचं’मध्ये ऐकीव माहिती जाते. व्हॉट्सॲपवर फिरत आलेले औषधी गुण, ‘ही भाजी मधुमेहावर रामबाण’ छापाची वाक्यं, फोटोवरून ओळखलेली झाडं, हे सगळं इथे. या लेबलातून नोंद बाहेर काढायची ती एखाद्या वनस्पती जाणणाऱ्याला किंवा ती भाजी वर्षानुवर्षं खाणाऱ्या घराला विचारल्यावरच, आणि कुणाला विचारलं ते नोंदीत लिहून. रानभाज्यांत एकसारखी दिसणारी झाडं पुष्कळ असतात, त्यामुळे इथे ढिलाई नको. ‘जमतंय’ म्हणजे कल्पनेला दोन-तीन तपशील मिळाले, आता यातून काही उभं राहील. ‘हातात’ म्हणजे सध्या ज्यावर काम चालू आहे ते, आणि इथे तीनपेक्षा जास्त नोंदी ठेवू नयेत. त्या पिन करून सगळ्यात वर आणाव्यात. चौथ्याबद्दल पुढे येईल.

प्रसिद्ध झालेल्या कामाला लेबल नाही, ती नोंद थेट आर्काइव्ह करायची. आर्काइव्ह केलेली नोंद मुख्य पानावरून जाते, पण शोधात येते. त्यामुळे ‘हा विषय आपण आधी केलाय का’ याचं उत्तर मिळत राहतं. शक्य तर आर्काइव्ह करण्याआधी प्रसिद्ध झालेल्या व्हिडिओची लिंक त्यात चिकटवा. डिलीट मात्र जपून करा. ट्रॅशमधल्या नोंदी सात दिवसांनी कायमच्या जातात.

रंग? एकाच कामासाठी वापरा, तो म्हणजे प्रकार. पिवळा म्हणजे रील, निळा म्हणजे मोठा व्हिडिओ, हिरवा म्हणजे लेख. शोधाच्या चौकटीत गेलात की रंगानुसार गाळता येतं, त्यामुळे ‘उद्या एक छोटी रील हवी आहे’ अशा वेळी पिवळ्या नोंदी तेवढ्या समोर येतात. प्रकार नक्की नसेल तर रंग देऊ नका.

आठवड्याची निवडणी

टिपताना विचार करायचा नाही आणि निवडताना नवं टिपत बसायचं नाही. ही दोन कामं वेगळी ठेवली तरच ही पद्धत टिकते. आठवड्यातून एक ठरलेली वेळ धरा, रविवारची सकाळ म्हणा, अर्धा तास पुरतो. भाजी निवडावी तसं हे काम आहे: हात चालू ठेवायचा आणि प्रत्येक काडीवर विचार करायचा नाही.

लेबल नसलेल्या नोंदी खालून वर, म्हणजे जुन्यापासून बघत या. प्रत्येकीला विचारायचं ते एवढंच की हे वाचून अजूनही काही करावंसं वाटतंय का. वाटत असेल तर लेबल. वाटत नसेल पण तपशील खरा आणि चांगला असेल, तर आर्काइव्ह. कधीतरी दुसऱ्याच विषयात कामाला येईल. दोन्ही नसेल तर डिलीट. दहा सेकंदांत ठरत नसेल तर ती तशीच सोडून पुढे जा. सलग तीन-चार रविवार तशीच उरली तर उत्तर मिळालंच.

याच वेळी जोडीच्या नोंदी एकत्र आणायच्या. ‘शेवळांबरोबर काकडं’, ‘भारंगी उकळून पाणी पिळून टाकतात’, ‘फोडशीच्या आतला कडक भाग काढावा लागतो’ अशा तीन सुट्या नोंदी वेगवेगळ्या आठवड्यांत आलेल्या असतात. शेजारी ठेवल्या की कळतं, यातली प्रत्येक भाजी थेट कढईत जात नाही, आधी तिची खाज, कडूपणा किंवा चिवटपणा काढावा लागतो. एका मोठ्या व्हिडिओचा विषय उभा राहिला, तोही भाज्यांच्या यादीपेक्षा कितीतरी सरस. निवडणीचा खरा फायदा हा आहे, साफसफाई हा वरचा. कीपमध्ये नोंदी आपोआप जोडायची सोय नाही. एकीतला मजकूर कॉपी करून दुसरीत घालायचा आणि रिकामी झालेली काढून टाकायची.

हंगाम आणि तिथी

‘हंगामाची वाट’ या लेबलातल्या प्रत्येक नोंदीला स्मरण लावा. कीपमध्ये लावलेली स्मरणं आता गूगल टास्क्समध्येही दिसतात, त्यामुळे कॅलेंडर बघायची सवय असेल तर तिथेही ती नजरेला पडतील. तारीख प्रसिद्धीची लावायची नाही, तयारी सुरू करायची लावायची. शेवळं जूनच्या सुरुवातीला बाजारात येणार, तर स्मरण मेच्या मध्याचं, कारण पाऊस थोडा आधी पडला तर भाजी थांबणार नाही. आणि यंदा शूटिंग करून ते पुढच्या वर्षी हंगामाच्या तोंडावर दाखवायचं असेल, तर तसं नोंदीत लिहून पुढच्या वर्षीचंच स्मरण लावावं.

पावसाशी बांधलेल्या गोष्टींना दरवर्षी त्याच तारखेला येणारं स्मरण चालतं. सणांना ते चालत नाही. २०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती, २०२६ मध्ये ती १४ सप्टेंबरला, कारण २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक आहे. ऋषिपंचमीच्या भाजीचा व्हिडिओ गेल्या वर्षीच्या तारखेवर लावून ठेवला असेल तर तो अडीच आठवडे आधीच आठवण करून देईल. उलट अधिक मासानंतरच्या वर्षी सण पुन्हा अलीकडे येतात, आणि तेव्हा स्मरण सण उलटून गेल्यावर वाजेल. म्हणून तिथीच्या नोंदींना दरवर्षीचं स्मरण लावू नका. नवं कॅलेंडर भिंतीवर लागलं की एकदा बसून वर्षभराच्या तारखा हाताने घाला.

दिवाळी अंकात लिहीत असाल तर त्याची नोंद वेगळी ठेवा. मजकूर पावसाळ्यातच मागितला जातो. तेव्हा जो विषय तिथे द्यायचा तो आधीच रीलमध्ये वापरला जाऊ नये, एवढी खूण त्या नोंदीत हवी.

नोंदीतून कामाकडे

विषय ‘हातात’ घेतला की नोंदीचं यादीत रूपांतर करा. कीपमध्ये चौकोनांची यादी करता येते, ओळी ओढून वरखाली करता येतात, आणि एखादी ओळ दुसरीच्या पोटात सरकवता येते. व्हिडिओचा क्रम लावायला एवढं भरपूर आहे. आधी दृश्य कुठलं, मग मावशींचं बोलणं, मग निवडायची पद्धत, मग कृती. शूटिंगला गेलात की तीच यादी फोनवर उघडून एकेक चौकोन भरत जायचा.

प्रत्यक्ष लिहिणं मात्र कीपमध्ये करू नका. लांब मजकुरासाठी ते बनलेलंच नाही. एका नोंदीत साधारण वीस हजार अक्षरांपर्यंतच जागा असते, आणि त्याच्या कितीतरी आधी वाचणं त्रासाचं होतं. संगणकावर कीप उघडा, लागणाऱ्या नोंदी निवडा आणि तीन टिंबांच्या मेन्यूतून त्या गूगल डॉक्समध्ये कॉपी करा. सगळ्या एकाखाली एक येतात. डॉक्सच्या उजव्या पट्टीतही कीप उघडतं, तिथून लिहिता लिहिता एखादी नोंद आत घेता येते. मूळ नोंदी कीपमध्ये तशाच राहतात, काम प्रसिद्ध झालं की त्या आर्काइव्ह करायच्या.

कॅमेरा सांभाळणारी मैत्रीण किंवा लिहायला मदत करणारा भाऊ असेल तर नोंद त्यांच्याशी शेअर करता येते. पण लक्षात ठेवा, कीपमध्ये ‘फक्त बघायला’ अशी परवानगी नाही. ज्याला दिली तो सगळं बदलू शकतो, आणि तुम्ही ती डिलीट केलीत तर त्याच्याकडूनही जाते. तुमची लेबलं त्याला दिसत नाहीत, त्यामुळे ‘हे अजून तपासायचं आहे’ हे नोंदीच्या पहिल्या ओळीत शब्दांत लिहायला हवं. कच्च्या, खासगी नोंदी शेअर न करता कामाची यादी तेवढी करावी. ज्यांनी माहिती दिली त्यांचे फोन नंबर शेअर केलेल्या नोंदीत नकोत. बँकेचे पासवर्ड तर कुठल्याच नोंदीत नकोत.

वर्षातून एकदा गूगल टेकआउटवर, म्हणजे गूगलवरची आपली माहिती उतरवून घ्यायच्या पानावर, जाऊन फक्त कीप निवडा आणि सगळं उतरवून घ्या. नोंदी एचटीएमएल फायलींच्या रूपात येतात, जोडलेले फोटो सोबत, आणि कुठल्याही ब्राउझरमध्ये नेटशिवाय उघडतात. पेनड्राइव्हवर एक प्रत ठेवा. पुढे कधी दुसऱ्या ॲपकडे वळायचं ठरलं तर त्याच फायली उपयोगी पडतील.